आंधीच्या दिवशी मागितलेली काडेपेटी

चैत्र लागला की चंदीगडच्या आकाशाचा काही भरवसा नाही. सकाळी लख्ख ऊन असतं, दुपारी अंगाची लाही होते, आणि संध्याकाळ व्हायच्या आत पश्चिमेकडून, पंजाबच्या शेतांवरून, एक पिवळट तपकिरी भिंत सरकत येते. इथे आलो त्या पहिल्या वर्षी मी तिला ढग समजले. "वळीव आला गं!" म्हणत लेकीला घेऊन गच्चीवर पळाले. आपल्याकडे वळवात पोरं अंगणात नाचतात, गारा वेचतात, तेच डोक्यात होतं. खालून वॉचमन हातवारे करून ओरडत होता, "मैडम, नीचे आओ, आंधी है!" आणि मी येडी त्याला वरून हात हलवून दाखवत होते. थोड्याच वेळात डोळ्यांत, नाकात, दाताखाली नुसती वाळू. कुणाच्या तरी टाकीचं झाकण आमच्या डोक्यावरून फिरत गेलं तेव्हा कुठे मी पोरीला ओढत जिन्यात आले.

तेव्हापासून मी शहाणी झाले. इतकी की सोसायटीत माझं नाव 'आंधी मैडम' पडलं. फोनवर हवामानाचा इशारा आला रे आला की मी कंबर कसते. बाल्कनीतल्या कुंड्या आत. कपडे वाळत घालायचं स्टँड आत. सरकत्या खिडक्यांच्या फटीत वर्तमानपत्राच्या घड्या, दाराखाली ओला टॉवेल, म्हणजे धूळ शिरत नाही. वीज गेली की पंप बंद आणि पंप बंद की नळ कोरडा, म्हणून बादल्या, पातेली, कुकरसुद्धा पाण्याने भरून ठेवायचा. खिचडी आधीच टाकून मोकळं व्हायचं. गाडी सफेद्याच्या झाडाखालून हलवायची. निलगिरीला इकडे सफेदा म्हणतात, आणि तो मेला पहिल्या झोताला मोडतो. शिवाय सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकायचा, 'कृपया कुंड्या कठड्यावर ठेवू नयेत, कुणाच्या डोक्यात पडतील.' ज्यांनी काढल्या नसतील त्यांच्या दारावर जाऊन बेल वाजवायची. भांडणाला मी कधी मागे हटलेली नाही, आणि कुंडीवरून तर नाहीच नाही.

हे सगळं मी मिरवत होते हे कबूल करायला हवं. आमच्याकडे कसं सगळं व्यवस्थित, आगाऊ, दुसऱ्यावर अवलंबून न राहता केलेलं, असा माझा तोरा होता.

बाबा आमच्याकडे राहायला आले आणि आंधी ही थट्टेची गोष्ट राहिली नाही. आई गेल्यावर ते कराडकडच्या आमच्या गावी एकटेच होते. जन्मभर बसस्टँडवर कंट्रोलर. माइकवरून गाड्या पुकारायचे, त्यांचा आवाज स्टँडबाहेरच्या रसवंतीपर्यंत ऐकू यायचा. त्या स्टँडवरची धूळ आणि गाड्यांचा धूर छातीत साठत गेला, आणि म्हातारपणी त्या माणसाला एक वाक्य पुरं करायला दोनदा थांबावं लागायला लागलं. मी जाऊन त्यांना घेऊन आले. सेक्टर बत्तीसच्या हॉस्पिटलात दाखवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन शांतपणे समजावलं, की आता घरी ऑक्सिजनचं मशीन लागेल, दिवसाचा बराचसा वेळ आणि झोपेत तर नक्कीच. नळी फार वेळ काढून ठेवून चालणार नाही.

तेव्हापासून ते मशीन त्यांच्या पलंगाशेजारी आहे. चाकांवरचं, लहान कपाटाएवढं, सारखं घरघरणारं. खोलीतली हवा ओढून त्यातला ऑक्सिजन नळीने नाकात सोडतं. पण ते चालतं विजेवर. वीज गेली की आमच्या जुन्या इन्व्हर्टरवर जेमतेम तग धरतं. त्याच्या मागे उभा केलेला एक छोटा सिलिंडर, अडीअडचणीला. तोही संपला तर बाबा आधी गप्प होतात, मग खांद्यांनी श्वास घ्यायला लागतात, मग ओठ काळसर पडतात. एकदा पाहिलं होतं मी ते. पुन्हा बघायची माझी छाती नव्हती.

आता बाबांची एक खोड सांगते, कारण ती माझ्यातही उतरली आहे. बाबा कशालाही 'नको' म्हणतात. चहा करू? "नको, आत्ताच घेतला." पाठीला उशी देऊ? "ऱ्हाऊ दे, उगं कशाला." गावाहून इकडे येताना रेल्वेत त्यांचे पाय सुजून बुटात मावेनात, तरी दिल्ली येईस्तोवर त्यांनी मला कळू दिलं नाही. मी ओरडले तर म्हणतात, "तू झोपली होतीस गं पोरी, कशाला तरास." आमच्या घरात लहानपणी हेच शिकवलेलं. दुसऱ्याकडे गेलं की दुसरा लाडू घ्यायचा नाही, आई नुसते डोळे वटारायची. कुणाकडे काही मागायचं नाही, आपलं रडगाणं कुणाला सांगायचं नाही, आपल्यामुळे कुणाला तोशीस पडू द्यायची नाही. याला मी संस्कार म्हणत होते.

आणि आमच्या समोरच्या दारात नेमकं याच्या उलट. आमच्या मजल्यावर दोनच फ्लॅट, एक आमचा आणि एक आंटीजींचा. आंटीजी आणि अंकलजी दोघंच राहतात, मुलं परदेशात. आंटीजी म्हणजे उंच, धिप्पाड पंजाबी बाई, आवाज असा की लिफ्टमध्ये बोलल्या तरी वर आम्हाला कळतं. मागायला त्यांना कधीच काही वाटलं नाही. "पुत्तर, जामन दे दही का," म्हणजे विरजण. "तेरा मिक्सर दे, मेरा जल गया." एकदा तर यांनाच घेऊन गेल्या, एअरपोर्टवर नणंदेला आणायला, "तू गाड़ी निकाल, अंकल के घुटने में दर्द है." हे म्हणजे माझा नवरा, मोहालीच्या आयटी ऑफिसातून दमून आलेला, बूट काढत होता, तसाच गेला. मी हसून सगळं द्यायचे. आणि देताना मनातल्या मनात एक पायरी वर चढायचे, हेही खरं. त्यांच्याकडून कढीचा डबा आला की तो कधी रिकामा परत करायची नाही, आणि शक्यतो दुसऱ्या दिवशीच परत करायची. कुणाचं काही अंगावर राहू नये, बस.

त्यांच्याकडे दोन मोठ्या बॅटऱ्यांचा इन्व्हर्टर आहे. बाबांचं मशीन आलं त्याच आठवड्यात आंटीजी येऊन बघून गेल्या होत्या आणि दारातच म्हणाल्या होत्या, "आंधी में लाइट जाए तो बाऊजी की मशीन सीधे हमारे यहाँ लगा देना. पूछना मत." मी म्हटलं, "हाँ हाँ आंटीजी, पक्का." ज्या सुरात आपण 'या ना एकदा जेवायला' म्हणतो ना, त्या सुरात. असल्या गोष्टी का कुणी खरंच करतं, असं मला वाटत होतं.

आंधीच्या आदल्या आठवड्यात आणखी एक झालं. सिलिंडर भरून आणायचा होता. इंडस्ट्रियल एरियात न्यावा लागतो, मला उचलत नाही. अंकलजी जिन्यात भेटले, म्हणाले, मी त्याच बाजूला चाललोय, गाडीत टाकून आणतो. "नहीं नहीं अंकलजी, ये शनिवार को जाएँगे." शनिवारी यांना ऑफिसातून निघायला उशीर झाला. मी सिलिंडरच्या काट्याकडे बघितलं, थोडा आहे की अजून, म्हटलं, आणि विषय सोडून दिला.

आंधीच्या दिवशी सकाळीच फोन किंचाळला. मी नेहमीप्रमाणे कामाला लागले. कुंड्या, स्टँड, टॉवेल, बादल्या, खिचडी. ग्रुपवर मेसेज. सगळ्यांचे फोन चार्ज. लेकीची परीक्षा दुसऱ्या दिवशी, तिला म्हटलं उजेडात वाचून घे. ती म्हणाली, "हो गया मेरा, मम्मा, आप टेन्शन मत लो." मराठी सगळं समजतं तिला, उत्तर मात्र हिंदीत येतं. बाबा पलंगावर बसून माझी धावपळ बघत होते. नळी नाकाला. म्हणाले, "किती पळतीस. ये, बस जरा." मी म्हटलं, "बसते हो, सगळं झालं की."

सगळं झालंच होतं. मी घराकडे बघितलं आणि मला बरं वाटलं.

आंधी आली ती अंधार घेऊनच. भर संध्याकाळी रात्र झाल्यासारखं झालं. खिडक्या थरथरायला लागल्या, वर्तमानपत्राच्या घड्या फडफडत बाहेर निघाल्या. खाली कुठेतरी पत्रा आपटला. मग कडाडकन आवाज झाला, सफेदा मोडल्याचा, आणि त्याबरोबर वीज गेली. मागोमाग गारा. काचांवर अशा आदळत होत्या की लेक कानावर हात ठेवून बाबांच्या पलंगावर चढून बसली.

इन्व्हर्टर चालू झाला, मशीन घरघरत राहिलं. यांचा फोन लागला एकदाच. झिरकपूरच्या रस्त्यावर झाड पडलंय, गाड्या जागच्या जागी उभ्या आहेत, कधी पोचेन सांगता येत नाही. "बाबा ठीक आहेत ना?" "आहेत, आहेत," मी म्हटलं. मग नेटवर्कच गेलं.

बाबांनी विचारलं, "ह्या बॅटरीवर आणि काय काय चालतंय?"

"एक दिवा आणि तुमचं मशीन. पंखे बंद केलेत."

त्यांनी हळूच नळी काढली आणि उशीवर ठेवली. "दिवा ऱ्हाऊ दे. पोरीची परीक्षा हाय. मला बरं वाटतंय आता."

"बाबा, नळी लावा."

"नको गं. मघापासनं लावलीच होती की."

"लावा म्हणते ना!" मी आवाज चढवला. लेक आमच्याकडे आळीपाळीने बघत होती. मी नळी पुन्हा त्यांच्या नाकाला लावली, कानामागून वळवली, आणि दिवा बंद केला. लेकीने फोनच्या उजेडात पुस्तक धरलं. बाबा हळू आवाजात पुटपुटले, "माझ्यापायी पोरगी अंधारात."

इन्व्हर्टर टूं टूं करायला लागला. मी मनात म्हटलं, येईल लाइट, आत्ता येईल. इकडे झाडं तारांवर पडली की रात्र रात्र लाइट येत नाही हे मला चांगलं ठाऊक होतं, ग्रुपवर दरवर्षी मीच लिहिते ते. तरी मी खिडकीशी उभी राहून समोरच्या सेक्टरात कुठे दिवा दिसतो का बघत बसले. मग मशीन एकदा लांब शिट्टी घालून बंद पडलं, आणि घरात फक्त गारांचा आवाज उरला.

मी सिलिंडर पुढे ओढला. नळी बदलली. पाना सापडेना, लेकीने टॉर्च धरला. काटा लाल पट्ट्याच्या जरा वर होता. आणि मी तिथे बसून त्या काट्याकडे बघत असताना तो खाली आला. बघता बघता, अगदी सावकाश.

तेव्हा मी उठले. आंटीजींचं दार आमच्या दारापासून चार पावलांवर आहे. त्यांच्या दाराखालून उजेडाची रेघ दिसत होती, आतून त्यांच्या टीव्हीचा आवाज येत होता. मी बेल दाबली. मनात वाक्य तयार होतं, 'आंटीजी, बाबांचं मशीन तुमच्याकडे लावायचंय.' एवढंच तर म्हणायचं होतं.

दार उघडलं. गरम पोळ्यांचा वास आला. आतमध्ये अंकलजी जेवायला बसले होते, पंख्याखाली. आंटीजी हातात चिमटा घेऊन उभ्या. "आ पुत्तर, कितनी भयानक आंधी है! सब ठीक?"

आणि माझं तोंड उघडलं ते असं, "हाँ हाँ आंटीजी, सब ठीक. सॉरी, डिस्टर्ब किया. वो... माचिस मिलेगी?"

काडेपेटी! घरात मी एक डझन काडेपेट्या भरून ठेवल्या होत्या. आंटीजींनी आत जाऊन एक आणून दिली. "बाऊजी?" त्यांनी विचारलं. "अच्छे हैं," मी म्हटलं, आणि वर हसले. वीज नसलेल्या घरातून आलेली बाई इतकी छान हसू शकते हे मला आत्तासुद्धा आठवलं की अंगावर काटा येतो. जेवताना कशाला उठवायचं, अंकलजींचा गुडघा, त्यांची बॅटरी संपेल, अशी काय काय कारणं त्या चार पावलांत माझ्या डोक्यात येऊन गेली. खरं कारण एकच होतं. मला लाज वाटली. मागायची लाज.

परत आले. बाबा उशीला टेकून नाही, पुढे वाकून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. खांदे वर-खाली होत होते. सिलिंडरचा काटा आता लाल पट्ट्यात होता. लेक रडवेली, "मम्मा, आंटी को बोला? आंटी आ रही हैं?"

काडेपेटी माझ्या हातात तशीच होती.

बाबांनी ती बघितली. टॉर्चच्या उजेडात त्यांनी आधी माझ्या हाताकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे, आणि त्यांना सगळं समजलं. त्यांना कसं नाही समजणार? माझ्या जागी ते असते तर त्यांनीही काडेपेटीच आणली असती, नाहीतर दारातूनच परत आले असते. ते माझ्यावर रागावले नाहीत. त्यांनी माझं मनगट धरलं. त्या पकडीत एवढी ताकद कुठून आली देव जाणे.

"माग," ते म्हणाले. मग एक श्वास, मग आणखी एक. "माग गं पोरी. मला... पायजे. मला जगायचंय."

माझ्या वडिलांनी उभ्या जन्मात माझ्याकडे काही मागितलं असेल तर ते एवढंच. चहाचा कप नाही, उशी नाही, कधी 'जरा पाय चेप' असंसुद्धा नाही. मी काडेपेटी तिथेच टाकली आणि धावले. या वेळी बेल वाजवली नाही, दोन्ही हातांनी दार बडवलं आणि ओरडले, "आंटीजी! मशीन! बाबा!"

पुढचं सगळं आंटीजींनी केलं. त्यांनी एक अक्षर विचारलं नाही. चिमटा फेकला आणि चपला न घालता आमच्या घरात शिरल्या. बाबांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, एका बाजूने त्यांनी धरलं, एका बाजूने मी, लेकीने सिलिंडर सरकवत आणला, तसंच पॅसेजमधून पलीकडे नेलं. अंकलजी लंगडत येऊन मशीन ढकलत घेऊन गेले. त्यांच्या पलंगाशेजारी प्लग लावला. आणि मग आंटीजी घरभर फिरल्या आणि एकेक बटण बंद करत गेल्या. टीव्ही बंद, पंखे बंद, दिवे बंद, फ्रिजचा प्लग ओढून काढला. अंकलजींचं ताट अंधारात अर्धं तसंच राहिलं. सगळ्या घरात फक्त बाबांच्या मशीनचा एक हिरवा दिवा चालू होता.

"सारी बैटरी बाऊजी की," त्या म्हणाल्या. "हमने क्या करना है लाइट का, रोटी तो मुँह में ही जाएगी."

हळूहळू बाबांचे खांदे थांबले. मी बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं छोटं यंत्र आणलं, आकडा वर चढताना बघितला, पुन्हा पुन्हा बघितला. ओठांचा काळेपणा गेला. त्यांनी डोळे मिटले. मी जमिनीवर बसले आणि मला रडू फुटलं. आंटीजी माझ्या पाठीवर हात फिरवत राहिल्या, "हो गया, हो गया पुत्तर. लाइट कब गई तुम्हारी इन्वर्टर की? अभी?"

मी उत्तर द्यायच्या आधी लेक बोलली. मुलं खोटं सांभाळत नाहीत. "नहीं आंटी, वो तो कब की बंद हो गई थी. मम्मा जब माचिस लेने आईं, उससे पहले. सिलिंडर भी खाली हो रहा था. नानू को तब साँस नहीं आ रही थी."

पाठीवरचा हात थांबला.

अंधारात मला आंटीजींचं तोंड नीट दिसत नव्हतं. बाहेर गारा थांबून आता नुसता पाऊस पडत होता. मला वाटलं आता त्या ओरडतील, आणि ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, मला भांडण जमतं. पण त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता, मी कधी ऐकला नव्हता इतका.

"तू मेरे दरवाज़े पे खड़ी थी," त्या म्हणाल्या. "मैं रोटी सेंक रही थी. मैंने तेरे हाथ में माचिस दी और दरवाज़ा बंद कर लिया. और दीवार के उस तरफ़ बाऊजी..." त्या थांबल्या. "अगर कुछ हो जाता, बेटा, तो तू तो रो लेती. मैं क्या करती? मैं सारी उम्र वो माचिस लेकर बैठी रहती. तूने मेरे बारे में एक बार नहीं सोचा?"

नव्हता केला. खरंच नव्हता केला मी तो विचार. कुणाला तोशीस नको, कुणाला त्रास नको म्हणत म्हणत मी जन्मभर ज्या संस्काराचा तोरा मिरवला, त्यात समोरचं माणूस कुठे होतंच नव्हतं. होती ती फक्त मी, आणि माझी मान वर राहिली पाहिजे ही काळजी. मी त्या बाईला शेजारीण म्हणत होते आणि मनातून तिला एवढंही मानत नव्हते, की माझा बाप मरत असताना ती हातातली पोळी टाकून येईल.

माझं तोंड शरमेने जळत होतं. मी हात जोडले. "आंटीजी, सॉरी. मुझे माफ़..."

त्यांनी माझे जोडलेले हात धरून खाली केले. रागाने नव्हे, पण सोडलेही नाहीत.

"ना. सॉरी मत बोल," त्या म्हणाल्या. "सॉरी भी तू इसीलिए बोलती है कि हिसाब बराबर हो जाए."

त्यांनी धरलेले हात मी काढून घेतले नाहीत. पलंगावर बाबा जागेच होते, त्यांनीही ऐकलं असावं, कारण त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. लाइट येईस्तोवर आम्ही सगळे त्या खोलीत तसेच अंधारात बसून होतो, आणि मला त्यांच्यापैकी कुणाच्याच डोळ्याला डोळा भिडवावा लागला नाही, एवढीच काय ती सुटका होती.